बातमी होती, वाट नव्हती

नमस्कार मंडळी.

नाझींनी केलेल्या ज्यूसंहाराबद्दल कुठंही बोलायला गेलं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. साठ लाख माणसं मारली गेली, मग त्यांना आधी काही कळलंच नव्हतं का? आणि कळलं होतं, तर ती हातावर हात ठेवून का बसली? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला माहीत आहे. पण प्रश्नाच्या पोटात आरोप असतो, की ही माणसं भोळी होती, भित्री होती, डोळ्यांवर कातडं ओढून बसली होती. आज मला या आरोपाची शहानिशा करायची आहे. इशारे आले होते. ते खरे होते, पुष्कळदा वेळेवर होते, आणि बहुतेकांनी ते मानले नाहीत. यातलं काहीच मी नाकारत नाही. पण का मानले नाहीत, हे खोलात जाऊन पाहिलं की त्या माणसांना मूर्ख म्हणण्याची आपली हिंमत होत नाही.

१९ जानेवारी १९४२ रोजी पोलंडमधल्या ग्राबुव नावाच्या छोट्या गावात एक तरुण रब्बींच्या दारात येऊन उभा राहिला. श्लामेक विनर त्याचं नाव. तो चेल्म्नोहून पळून आला होता. चेल्म्नोला आदल्या डिसेंबरपासून बंद मोटारींत माणसं कोंबून, इंजिनाचा धूर आत सोडून त्यांना मारण्याचं काम सुरू झालं होतं. प्रेतं पुरण्यासाठी काही धडधाकट ज्यूंना जिवंत ठेवलं जाई, त्यांतला हा एक. आपल्याच गावची माणसं त्यानं स्वतःच्या हातांनी खड्ड्यात रचली होती. रब्बींना त्यानं आधी काय सांगितलं असेल? मला वेड लागलंय असं समजू नका, हे. रब्बींनी त्याच दिवशी लॉड्झमधल्या नातेवाइकांना पत्र लिहिलं, तर त्यातही तेच, की हे कुणा वेड्यानं लिहिलंय असं मानू नका. बातमी देण्याआधी आपण शुद्धीवर आहोत याची हमी द्यावी लागावी, अशी ती बातमी होती.

श्लामेक पुढे वॉर्सात पोचला. तिथं इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांनी घेटोमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, गुप्तपणे एक दफ्तर चालवलं होतं. त्या गटातल्या हर्श आणि ब्लूमा वासर या पतीपत्नींनी त्याची जबानी दिवसवार लिहून काढली. कोणत्या दिवशी किती मोटारी आल्या, कोणत्या गावचे लोक होते, पहारेकरी काय बोलत, सगळं. मग त्याच्या जिवाला धोका नको म्हणून त्याला झामोश्च गावी नातलगांकडे पाठवलं. तिथून त्यानं कळवलं, की बेल्झेत्सला चेल्म्नोसारखंच चाललंय. आणि थोड्याच दिवसांत, एप्रिल १९४२ मध्ये, तो स्वतः बेल्झेत्सला नेला गेला आणि मारला गेला. संहाराची इतकी सविस्तर साक्ष देणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो एक. काय घडतंय हे त्याच्याइतकं पक्कं फार थोड्यांना माहीत होतं. कळणं, न कळणं, न मानणं हे सगळं एकीकडे ठेवा. ज्याला सगळं कळलं होतं आणि पटलंही होतं, तोही वाचला नाही. हे आपण ध्यानात ठेवू, कारण माझ्या पुढच्या बोलण्याचा आधार तोच आहे.

आता वॉर्सा. तिथल्या ज्यूंना बातम्या मिळत नव्हत्या, असं म्हणताच येत नाही. लिथुआनियातल्या विल्न्याची बातमी आली, चेल्म्नोची आली, वसंतात लुब्लिनची आली. २६ जून १९४२ रोजी लंडनच्या रेडिओवरून पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीची बातमी सांगितली गेली. रिंगेलब्लूम यांनी तो दिवस आपल्या गटासाठी मोठा दिवस म्हणून नोंदवला. निदान जगाला तरी कळलं, याचा त्यांना आनंद झाला होता. पण घेटोमधल्या साध्या माणसाचा हिशोब वेगळा होता. विल्न्याचं काय, तो भाग आधी रशियाकडे होता, तिथं जर्मन लोक कम्युनिस्टांवरचा राग काढताहेत. चेल्म्नो थेट जर्मनीला जोडलेल्या मुलखात, तिथले नियम निराळे. लुब्लिनला एखादा पिसाळलेला अधिकारी असेल. पण वॉर्सा? युरोपातली सगळ्यात मोठी ज्यू वस्ती, लाखो माणसं, परदेशी लोकांच्या डोळ्यांदेखत? इथं नाही करणार. हा युक्तिवाद आज ऐकताना अंगावर काटा येतो. तरी त्यातला एकेक दुवा तपासून पाहा, तो बाष्कळ नाही. समोर असलेल्या माहितीतून शहाणा माणूस असाच अंदाज बांधतो. जे आजवर कुठंच, कधीच घडलं नव्हतं, ते त्याच्या अंदाजात कसं येणार?

त्यात पहिल्या महायुद्धाची आठवण. पोलंड आणि लिथुआनियातल्या वयस्क ज्यूंनी जर्मन सैन्य एकदा पाहिलेलं होतं. १९१५ सालचे ते जर्मन, झारच्या कोसॅकांच्या तुलनेत सभ्य होते. त्यांच्यातले काही अधिकारी तर स्वतः ज्यू होते. घरातले आजोबा सांगत, अरे मी जर्मनांना ओळखतो. शिवाय त्याच महायुद्धात जर्मन लोक प्रेतांपासून चरबी काढतात, असा प्रचार इंग्रजी वृत्तपत्रांनी केला होता, आणि तो पुढे खोटा ठरला. एकदा फसलेली पिढी दुसऱ्यांदा तसली बातमी ऐकून नकारार्थी मान हलवायला लागली, यात नवल नाही. अनुभवानं शहाणपण येतं म्हणतात. इथं अनुभवानंच घात केला.

आणि फसवणूक. तिला मी सगळ्यात जास्त वजन देतो, कारण 'त्यांनी मानलं नाही' असं म्हणताना आपण विसरतो की त्यांनी मानू नये म्हणून एक अख्खी यंत्रणा राबत होती. जर्मनांनी नेमलेल्या वॉर्साच्या ज्यू मंडळाचे प्रमुख आदाम चेर्नियाकुव रोजनिशी लिहीत. २० जुलै १९४२ ला ते गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेले आणि विचारत राहिले, की लोकांना गाड्यांत भरून नेणार अशी गावात आवई आहे, ती खरी का? एकानं सांगितलं, मला काही माहीत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, निव्वळ मूर्खपणाच्या गोष्टी आहेत. दोनच दिवसांनी, २२ जुलैला, हुकूम निघाला. रोज हजारो माणसं हजर करायची. २३ तारखेला चेर्नियाकुव यांनी विष घेतलं. पुढच्या आठ आठवड्यांत अडीच लाखांहून अधिक माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेली. काही काळ तर जाहीर केलं होतं, की जे आपणहून गाडीकडे येतील त्यांना माणशी तीन किलो पाव आणि एक किलो मुरंबा मिळेल. महिनोन्‌महिने उपाशी असलेली कुटुंबं त्या पावासाठी आली. त्यांचं म्हणणं असं, की मारायचंच असतं तर पाव कशाला वाटला असता? ट्रेब्लिंकाच्या फलाटावर पुढे खोटं स्टेशन उभारलं. गाड्या कुठं जातात याच्या पाट्या लावल्या आणि एक घड्याळ रंगवलं. काटेही रंगवलेलेच.

तरीही काहींनी खातरजमा करून घेतली. बुंद या ज्यू कामगार पक्षानं झाल्मान फ्रिद्रिख नावाच्या आपल्या माणसाला गाड्यांच्या मागावर पाठवलं. दिसायला तो पोलिश वाटे, म्हणून त्याची निवड झाली. रेल्वे कामगारांकडून माग काढत तो ट्रेब्लिंकाजवळच्या सोकोलुव गावापर्यंत गेला. भरलेल्या गाड्या आत जातात, रिकाम्या परततात, आत खाण्याचं सामान काही जात नाही, हे त्यानं नक्की केलं, आणि छावणीतून पळालेला एक ज्यू त्याला तिथं भेटलाही. बुंदच्या गुप्त पत्रकात हे छापून आलं. ज्यांना पटलं त्यांतले काही जण तळघरं खणून लपले, काही जण पुढे एप्रिल १९४३ च्या उठावात लढले. पण बंदूक मिळवायला त्यांना पोलिश भूमिगतांपुढे महिनोन्‌महिने हात पसरावे लागले होते. ज्याला पटलं त्याच्या हाती काय होतं, याचा हा जमाखर्च.

विल्न्याची गोष्ट थोडी सांगतो. सप्टेंबर १९४१ मध्ये शहराबाहेरच्या पोनारीच्या जंगलात गोळ्या लागूनही जिवंत राहिलेल्या काही बायका घेटोत परत आल्या. अशीच एक बाई अनवाणी, केस सुटलेले, डॉ. मार्क ड्वोर्झेत्स्की यांच्याकडे आली. डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिलं तर गोळीची जखम होती आणि जखमेत मुंग्या होत्या. जंगलातल्या मुंग्या. घेटोत जंगल नव्हतं, तेव्हा या बाईचं सांगणं खरं असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? डॉक्टर बाहेर अंगणात आले आणि लोकांना म्हणाले, पोनारी ही कामाची छावणी नाही, तिथं माणसं मारताहेत. लोक त्यांच्यावरच उखडले. डॉक्टर, तुम्हीसुद्धा? धीर द्यायचा सोडून तुम्हीही घबराट पसरवायला लागलात? डॉक्टरांनी पुढे ही हकिगत सांगितली तेव्हा त्या लोकांना दोष दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्याच शहरात १९४१ च्या शेवटच्या रात्री तेवीस वर्षांच्या आब्बा कोव्हनर या तरुणानं सोबत्यांपुढे एक जाहीरनामा वाचला. हिटलरला युरोपातले सगळेच ज्यू संपवायचे आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. लक्षात घ्या, ज्यूसंहाराची आखणी करणारी बर्लिनजवळची ती कुप्रसिद्ध वान्से बैठक अजून वीस दिवस पुढे होती. कोव्हनरकडं कुठला कागद नव्हता, कुणी आतली बातमी दिली नव्हती. पोनारीवरून त्यानं पुढचं ताडलं. इतिहासानं त्याला खरं ठरवलं, म्हणून आज आपण त्याला द्रष्टा म्हणतो. त्या रात्री मात्र तो अनेकांपैकी एक होता, आणि बाकीच्यांचे अंदाजही तितकेच मनापासून केलेले होते.

घेटोच्या पुढाऱ्यांचा अंदाज होता, की काम करून जगू. लॉड्झचे रुमकोव्स्की, विल्न्याचे गेन्स, बियालिस्तोकचे बाराश, सगळ्यांचा भरवसा यावरच. जर्मन सैन्याला गणवेश, बूट लागतात ना? मग जो शिवून देतो त्याला ते का मारतील? रुमकोव्स्कींनी याच हिशोबावर ४ सप्टेंबर १९४२ रोजी आयांपुढे उभं राहून त्यांची मुलं मागितली. दहा वर्षांखालची मुलं द्या, म्हातारे द्या, बाकीचे वाचतील. त्या भाषणाला माझ्याकडून माफी नाही. पण हिशोब साफ खुळचट होता असंही म्हणवत नाही. ऑगस्ट १९४४ पर्यंत लॉड्झमध्ये सत्तर हजारांच्या आसपास ज्यू जिवंत होते, पोलंडमधले बाकीचे घेटो संपून गेले होते तेव्हा. रशियन फौजा विस्तुला नदीच्या काठी येऊन थांबल्या. त्या आणखी पुढे आल्या असत्या तर इतिहासात रुमकोव्स्कींचं नाव कसं लिहिलं गेलं असतं, कोण जाणे. त्याच घेटोत १९४२ च्या उन्हाळ्यात कपड्यांचे ढीग यायचे, धुऊन, उसवून, पुन्हा वापरण्यासाठी. उसवणाऱ्यांच्या हाताला खिशांत ओळखपत्रं लागायची, लॉड्झमधून 'स्थलांतरित' झालेल्यांची. ती ओळखपत्रं हातात धरून बसलेल्या बाईनं काय करायचं होतं? तिच्या घरी दोन पोरं होती, भोवती तारेचं कुंपण होतं, आणि संध्याकाळी सुपाची रांग होती.

या लोकांना नावं ठेवण्याआधी वॉशिंग्टनला जाऊन येऊ. यान कार्स्की हा पोलिश भूमिगत चळवळीचा निरोप्या. १९४२ मध्ये तो वॉर्सा घेटोत शिरून सगळं डोळ्यांनी पाहून आला होता. जुलै १९४३ मध्ये तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटला. फ्रँकफर्टर स्वतः ज्यू, व्हिएन्नात जन्मलेले, आयुष्यभर साक्षी-पुरावे तोललेले. सगळं ऐकून ते म्हणाले, तुम्ही जे सांगताय त्यावर विश्वास ठेवणं मला शक्य नाही. पोलिश राजदूत चिडले, तेव्हा त्यांनी खुलासा केला, की हा तरुण खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, मला विश्वास ठेवता येत नाही, एवढंच. ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, ज्यांना उपाशी पोटी निर्णय घ्यायचा नाही, ज्यांची मुलं सुरक्षित आहेत, त्यांचीही ही स्थिती. माहिती कानात शिरणं आणि ती आतवर उतरून माणसानं त्याप्रमाणे वागणं यांत मोठं अंतर असतं, हे येहुदा बाउर या इतिहासकारांनी वारंवार दाखवून दिलं आहे. हे अंतर कधी मिटतं, हा माझा आजचा खरा प्रश्न आहे.

खुद्द ऑशविट्झच्या बिर्केनाऊ या मृत्युछावणीतही ते मिटलं नव्हतं, यावर तुमचा विश्वास बसेल? सप्टेंबर १९४३ मध्ये तेरेझीन घेटोमधून पाच हजार ज्यूंना तिथं आणलं गेलं आणि 'कुटुंब छावणी'त ठेवलं गेलं. त्यांचे केस कापले नाहीत, बायका-मुलांची ताटातूट केली नाही. मुलांसाठी एक बराक होती. फ्रेडी हिर्श नावाचा तरुण शिक्षक तिथं त्यांना शिकवत असे, त्यांच्याकडून नाटकं बसवून घेत असे. धुराडी समोर दिसत होती. पण आपल्याला वेगळं वागवतात म्हणजे आपलं वेगळं काही असणार, हा समज. छावणीतल्या कारकुनांना ठाऊक होतं, की यांची मुदत सहा महिन्यांची आहे. रुडॉल्फ व्हर्बा हा तिथला एकोणीस वर्षांचा कैदी-कारकून. त्यानं हिर्शला गाठून सांगितलं, की आता तुम्ही मरणार, बंड करा, तुमचं लोक ऐकतील. हिर्शनं विचारलं, मुलांचं काय होईल? विचार करायला त्यानं थोडा वेळ मागून घेतला. त्यानंतर तो औषधाच्या गुंगीत सापडला, पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. ८ मार्च १९४४ च्या रात्री जवळजवळ ३,८०० माणसं मारली गेली. आधी त्यांच्याकडून घरच्यांना पोस्टकार्डं लिहवून घेतली होती, आम्ही बरे आहोत म्हणून. कार्डांवर तारीख होती २५ मार्च.

ती कार्डं तेरेझीनला गेली. आणि तेरेझीनमध्ये लिओ बेक होते, जर्मनीतल्या ज्यूंचे सर्वांत आदरणीय रब्बी. परदेशी निघून जायची संधी असताना आपल्या माणसांसाठी मागे राहिलेला हा माणूस. ऑगस्ट १९४३ मध्ये एका कैद्यानं त्यांना ऑशविट्झमध्ये विषवायूनं मारतात हे सांगितलं. बेक यांनी विचार केला आणि ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही असं ठरवलं. त्यांचं म्हणणं होतं, की मरणाची वाट बघत जगणं हे मरणाहून जड. शिवाय सगळेच मारले जातात असंही नाही, काहींना कामाला ठेवतात. या निर्णयावर पुढे खूप टीका झाली. मी त्याकडे पुन्हा येईन.

आधी ज्यांच्यापुढे वाट होती त्यांच्याबद्दल बोलू. जर्मनीतले ज्यू निघालेच नाहीत असा एक समज आहे, तो खोटा आहे. १९३३ साली तिथं सव्वापाच लाखांच्या आसपास ज्यू होते. त्यांतले बारा हजार पुरुष पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढताना कामी आलेले, तेव्हा 'हा आपला देश आहे' ही भावना काही हवेत नव्हती. तरीही युद्ध पेटेपर्यंत निम्म्याहून अधिक लोक बाहेर पडले. ज्यांना देशांनी घेतलं ते गेले. आपल्या मुंबईतही काही आले. इथल्या ज्यूंनी १९३४ साली निर्वासितांसाठी मदत संस्था काढली होती. आलेल्या माणसाचा भार सरकारवर पडणार नाही, याची हमी ती देत असे. आकाशवाणीची ती सुप्रसिद्ध संकेतधून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर कॉफमन १९३४ साली असेच मुंबईत आले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर १९३८ साली ज्यू पत्नीला घेऊन आले, आणि आरा-रझांच्या पिढीला त्यांचा मोठा आधार झाला. पण अशी दारं किती उघडी होती? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला बत्तीस देश याच कामासाठी जमले, आणि जवळजवळ सगळ्यांनी सहानुभूती दाखवून हात वर केले. पुढच्या मे महिन्यात ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनचा कोटा पाच वर्षांत पंचाहत्तर हजारांवर आणून ठेवला. मागे राहिले ते प्रामुख्यानं म्हातारे आणि पैसा नसलेले. त्यांना धोका कळला नव्हता असं म्हणणं म्हणजे एव्हियाँचं पाप त्यांच्या पदरात टाकणं.

आणि डेन्मार्क. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस डकविट्झ या जर्मन वकिलातीतल्याच अधिकाऱ्यानं डॅनिश नेत्यांना सांगितलं, की थोड्याच दिवसांत ज्यूंची धरपकड होणार. २९ सप्टेंबरला सकाळच्या प्रार्थनेला कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये लोक जमले, तेव्हा रब्बी मार्कुस मेल्किओर यांनी प्रार्थना थांबवून सांगितलं, की आज इथं काही होणार नाही, लगेच घरं सोडा, ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोक निघाले. तेच ज्यू, तीच युरोपीय मध्यमवर्गीय माणसं, तेच जर्मन. पुरावा तर काहीच नव्हता, पोनारीहून आलेल्या बाईच्या जखमेएवढासुद्धा नाही. तरी सात हजारांवर ज्यू काही आठवड्यांत कोळ्यांच्या होड्यांमधून स्वीडनला पोचले. पाचशेहून कमी माणसं जर्मनांच्या हाती लागली. इथं इशारा का पटला? कारण खाडीपलीकडे स्वीडन होता आणि स्वीडननं येऊ द्यायचं कबूल केलं होतं. शेजारी दार उघडत होते. होडीवाले होते. पटलं तर करायला काहीतरी होतं. माझी खात्री आहे, की माणूस आधी वाट शोधतो आणि मग विश्वास ठेवतो. वाट दिसतच नसेल तर असली बातमी खरी मानून एक रात्रसुद्धा काढणं माणसाच्या आवाक्याबाहेर आहे.

१९६१ साली जेरुसलेममध्ये, ज्यूंना छावण्यांत धाडणाऱ्या आइशमन या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला, तेव्हा सरकारी वकिलांनी मोशे बेयस्की या साक्षीदाराला तोच प्रश्न विचारला, जो आपण विचारतो. प्लाशुव छावणीत पंधरा हजार कैदी उभे होते, पहारेकरी काही शे. तुम्ही तुटून का पडला नाहीत? बेयस्की तोवर व्यवसायानं न्यायाधीश झालेले होते, तरी उत्तर देताना त्यांना उभं राहवेना, बसायला खुर्ची द्यावी लागली. त्यांनी सांगितलं, की आमच्या शेजारी पोलिश कैद्यांची छावणी होती. त्यांना शंभर मीटरवर आपली माणसं, आपली घरं होती, तरी त्यांच्यातलाही कुणी पळाल्याचं आठवत नाही. आमच्या अंगावर रंगवलेले पट्ट्यांचे कपडे. आम्ही जाणार कुठं?

मंडळी, एवढं सगळं बोलल्यावर मला हंगेरीवर यावंच लागतं, कारण माझं म्हणणं तिथं पणाला लागतं.

हंगेरीत मार्च १९४४ पर्यंत आठ लाखांच्या घरात ज्यू जिवंत होते. बातम्या होत्या. १९४१ च्या ऑगस्टमध्ये कामेनेत्स-पोदिल्स्क इथं हंगेरीतून हाकललेल्या हजारो ज्यूंना गोळ्या घालून मारलं होतं. अशाच कत्तलीतून वाचून सिगेट गावी परतलेला सिनेगॉगचा गरीब सेवेकरी घरोघर जाऊन ते सांगत होता आणि लोक त्याला भ्रमिष्ट समजत होते. पुढे शांततेचं नोबेल मिळालेले एली विझेल तेव्हा त्या गावात शाळकरी वयाचे होते, त्यांनी ही आठवण जगाला सांगितली. १९ मार्च १९४४ ला जर्मन फौजा बुडापेस्टमध्ये शिरल्या.

तिकडे तोच व्हर्बा, आणि त्याचा सोबती आल्फ्रेड वेट्झलर, ७ एप्रिलला बिर्केनाऊच्या बाहेरच्या आवारात लाकडांच्या ढिगाखाली एका पोकळीत लपले. कुत्र्यांना वास लागू नये म्हणून पेट्रोलमध्ये भिजवून वाळवलेली रशियन तंबाखू त्यांनी भोवती पसरली होती. तीन दिवस, तीन रात्री ते तसेच पडून राहिले. पहारा उठल्यावर निघाले, आणि २१ एप्रिलला स्लोव्हाकियात पोचले. झिलिना गावी ज्यू मंडळाच्या लोकांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जबान्या घेतल्या आणि त्या ताडून पाहिल्या. कुठल्या गाडीतून किती आले, किती लगेच मारले, भट्ट्यांची रचना कशी, याचा तीसेक पानांचा अहवाल टंकलिखित झाला. महिनाअखेरीस तो बुडापेस्टमधल्या रुडॉल्फ कास्टनर या ज्यू नेत्याच्या हातात होता. हंगेरीतून पहिल्या मोठ्या गाड्या सुटल्या १५ मेला. मधे दोन आठवडे होते.

त्या दोन आठवड्यांत कास्टनर आपल्या मूळ गावी, कोलोझ्वारला जाऊन आले. तिथले अठरा हजार ज्यू वीटभट्टीच्या आवारात कोंडलेले होते. तिथं अफवा पसरली होती, की आपल्याला केन्येरमेझो नावाच्या ठिकाणी शेतकामाला नेणार. अहवालातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. कास्टनर आइशमनशी वाटाघाटी करत होते. त्यांतून ३० जूनला एक गाडी सुटली, १,६८४ माणसांची, ती अखेर स्वित्झर्लंडला पोचली. त्यांत ३८८ कोलोझ्वारचे होते. बाकीचे ऑशविट्झला गेले. तिथून आलेली पोस्टकार्डं बुडापेस्टमध्ये वाटली गेली. वर ठिकाण 'वाल्डझे' लिहिलेलं, मजकूर एवढाच, की पोचलो, काम मिळालंय, बरे आहोत.

कोलोझ्वारला वाट होती. रुमानियाची सरहद्द शहरापासून अगदी थोड्या अंतरावर होती. रुमानियाच्या सरकारनंही आधी भयंकर कत्तली केल्या होत्या, पण १९४४ मध्ये तिथं ज्यूंना गाडीत घालत नव्हते. काही शे, काही हजार ज्यू हंगेरीतून तशी सरहद्द ओलांडून वाचले. कास्टनर यांची बाजू घेणारे सांगतात, की लोकांनी ऐकलं नसतंच. आणि तसा आधारही आहे. बुडापेस्टहून तरुण ज्यू कार्यकर्ते खोटी कागदपत्रं घेऊन गावोगाव गेले होते, पळा म्हणून सांगत, आणि कित्येक ठिकाणी त्यांना हाकलून दिलं गेलं. पण अनोळखी पोरगं येऊन सांगतं, आणि गावचा सर्वांत मोठा माणूस, हातात तीस पानांचा अहवाल घेऊन सांगतो, या दोन गोष्टी एक नव्हेत. ८ मार्चच्या त्या कत्तलीआधी व्हर्बानं हिर्शलाच का गाठलं? लोक त्याचं ऐकतील म्हणून.

त्या अहवालानं पुढे काय केलं तेही सांगायला हवं. जूनमध्ये त्याचा गोषवारा स्वित्झर्लंडला पोचला, तिथल्या वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पोप, रूझवेल्ट, स्वीडनचे राजे यांनी हंगेरीचे सत्ताप्रमुख होर्ती यांना निरोप धाडले. ७ जुलैला होर्तींनी गाड्या थांबवण्याचा हुकूम दिला. तोवर ४,३७,००० माणसं गेलेली होती. बुडापेस्टचे दोन लाखांच्या आसपास ज्यू त्या वेळी गाडीत चढले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांतल्याही हजारोंना हंगेरीच्याच नाझींनी मारलं, पण पुष्कळ जगले. तीच पानं सत्ता असलेल्यांच्या हाती गेली तेव्हा त्यांनी माणसं वाचवली.

कास्टनर यांच्यावरून इस्राएलमध्ये मोठा खटला झाला. १९५५ साली न्यायाधीशांनी त्यांच्याविरुद्ध फार कठोर शब्द वापरले. मार्च १९५७ मध्ये तेल अवीवला त्यांच्या घरासमोर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातच ते गेले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधीचा निकाल बहुतांशी फिरवला. मी त्यांना देशद्रोही म्हणणार नाही. त्यांनी वाचवलेली माणसं खरी होती. लिओ बेक यांच्याबद्दल तर मला नितांत आदर आहे. तेरेझीनच्या तटबंदीत, जिथून निघायला वाटच नव्हती, तिथं त्यांनी स्वीकारलेलं मौन मला समजतं. कोलोझ्वारचं मौन मात्र मला मान्य होत नाही. व्हर्बा पुढे कॅनडात व्हँकूव्हरच्या विद्यापीठात औषधशास्त्र शिकवत होते. २००६ साली वारले, तोवर त्यांनी एकच तक्रार लावून धरली होती, की आम्ही जीव धोक्यात घालून आणलेले कागद आधी त्या माणसांना मिळायला हवे होते, ज्यांना गाडीत चढवणार होते. यात मी व्हर्बांच्या बाजूनं आहे. त्या अठरा हजारांनी ते वाचून विश्वास ठेवला असता की नसता, सरहद्दीकडे धावले असते की वीटभट्टीतच बसून राहिले असते, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं.